वर्गणीदार आणि सबस्क्रायबर : आउट ऑफ प्रिंट गेम्सच्या पुस्तकांचं पुढे काय होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "काय म्हणतात त्याला" शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा विषय जरा कोपऱ्यातला आहे. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्स, आणि त्यांची जी पुस्तकं आता छापली जात नाहीत ती. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. रिन्यूअल, प्लॅन, ॲक्सेस हे शब्द दिवसभर कानावर असतात. आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीअँडडी खेळतो. त्यामुळे ह्या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे माझं लक्ष जातंच.

सुरुवातीला एक साधी गोष्ट. मराठीत मासिकासाठी पैसे भरणाऱ्याला आपण वर्गणीदार म्हणतो. वर्गणी संपली की नवा अंक येणं बंद. पण जुने अंक? ते घरातच राहायचे. माळ्यावर, ट्रंकेत, कॉटखाली. कोणी येऊन ते परत नेत नसे. सबस्क्रायबर हा त्याचाच इंग्रजी प्रतिशब्द आहे असं आपण धरून चालतो. पण सबस्क्रिप्शन संपली की नवं तर थांबतंच, जुनंही थांबतं. एकाच अर्थाचे वाटणारे दोन शब्द, आणि व्यवहार दोन वेगळे. डीअँडडीच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात हे दोन्ही व्यवहार एकामागून एक होऊन गेलेत, म्हणून हा खेळ आज उदाहरणाला घेतोय.

पुस्तक हाच खेळ

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, तो गोष्ट पुढे नेतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार. "मी दार उघडतो" म्हणायचं, फासा टाकायचा, आणि नियमांप्रमाणे काय झालं ते ठरवायचं. बोर्ड नसला तरी चालतं, सोंगट्या नसल्या तरी चालतं. लागतं ते पुस्तक. बुद्धिबळाचे नियम एका पानात मावतात आणि तोंडी सांगता येतात. इथे शेकडो पानांचे नियम, राक्षसांची वर्णनं, नकाशे, तयार साहसकथा असतात. त्यामुळे पुस्तक मिळेनासं झालं की खेळाची ती आवृत्तीच खेळता येईनाशी होते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी डीअँडडी आणला. प्रकाशक टीएसआर, म्हणजे टॅक्टिकल स्टडीज रूल्स, गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनीव्हा. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई एक हजार प्रतींची. पुढे त्याचं मोठं प्रस्थ झालं, पण सुरुवात इतकी घरगुती होती.

आणि पहिल्या काही वर्षांतच एक गोष्ट दिसू लागली: नंतरच्या छपाईत मजकूर बदलत होता. पहिल्या पुस्तिकांमध्ये हॉबिट होते, एंट होते, बॅलरॉग होते. हे सगळे टोल्किनच्या जगातले. त्या हक्कांच्या मालकांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचे हाफलिंग झाले, एंटचे ट्रीएंट झाले.

दुसरं उदाहरण तर आपल्याला जवळचं आहे. १९८० साली 'डीइटीज अँड डेमीगॉड्स' नावाचं पुस्तक आलं. जगभरातल्या देवदेवता खेळात वापरता याव्यात म्हणून केलेला तो संग्रह. त्यात ग्रीक आहेत, इजिप्शियन आहेत, आणि 'इंडियन' असं स्वतंत्र प्रकरणही आहे. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, आणि प्रत्येकापुढे त्याचे हिट पॉइंट आणि आर्मर क्लास. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या माणसांनी इंद्राला किती वार सोसतील ह्याचा आकडा दिलाय. पहिल्यांदा वाचताना हसावं की चिडावं हे आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच ठरवता आलं नाही.

ह्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपाईत लव्हक्राफ्टच्या कथांमधला क्थुलू आणि मायकेल मूरकॉकच्या कादंबऱ्यांमधलं मेलनिबोने ही दोन प्रकरणंही होती. नंतरच्या छपाईतून ती काढली. १४४ पानांचं पुस्तक १२८ पानांचं झालं. पण लक्षात घ्या, ज्यांच्या घरी १४४ पानांचं पुस्तक होतं ते १४४ पानांचंच राहिलं. म्हणून तर आज आपल्याला कळतं की काय काढलं होतं. बदल झाला आणि बदलाचा पुरावाही उरला, कारण प्रती लोकांच्या कपाटात होत्या.

ड्रॅगन मासिक आणि पाच सीड्या

१९७६ साली टीएसआरने 'द ड्रॅगन' मासिक सुरू केलं. नवे नियम, साहसं, वाचकांचे वाद, कार्टून, सगळं त्यात. १९८६ मध्ये त्याला 'डंजन' नावाचं भावंड आलं, ते फक्त साहसकथांचं. दोन्ही मासिकं २००७ पर्यंत छापली गेली. ड्रॅगनचा शेवटचा छापील अंक ३५९ वा आणि डंजनचा १५० वा.

मधल्या काळात मालक बदलले. टीएसआर आर्थिक अडचणीत आली आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट ह्या कंपनीने ती विकत घेतली. १९९९ मध्ये हॅस्ब्रो ह्या खेळण्यांच्या बड्या कंपनीने विझार्ड्सला घेतलं. आणि त्याच १९९९ साली आली 'ड्रॅगन मॅगझिन अर्काइव्ह'. ड्रॅगनचे पहिले २५० अंक, आणि त्याच्याही आधीच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' ह्या पत्रकाचे अंक, पाच सीड्यांवर. तेव्हाचा तो अलिबाबाचा खजिनाच म्हणायचा.

पण हक्कांचा प्रश्न निघाला. मासिकात लिहिणारे बरेच जण फ्रीलान्स होते. मासिकात एकदा छापायचा हक्क दिला, म्हणजे सीडीवर टाकायचाही दिला का? हा वाद फक्त गेम्सपुरता नव्हता. २००१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टॅसिनी खटल्यात फ्रीलान्स लेखकांच्या बाजूने निकाल दिला. प्रतिवादी होता न्यूयॉर्क टाइम्स. मुद्दा हाच, की छापील लेख डिजिटल डेटाबेसमध्ये टाकायला वेगळी परवानगी लागते. ड्रॅगनच्या बाबतीत 'नाइट्स ऑफ द डिनर टेबल' ह्या कॉमिक स्ट्रिपच्या प्रकाशकांशी, केन्झर अँड कंपनीशी, वाद झाला. तडजोडीतून केन्झरला जुन्या डीअँडडीच्या मजकुरावर आधारलेला 'हॅकमास्टर' हा खेळ काढायचा परवाना मिळाला. छापील ड्रॅगनचा असा संच पुन्हा काही अधिकृतपणे बाजारात आला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. "कंपनी जुनं सगळं स्कॅन करून का टाकत नाही?" असं आपण चाहते सहज विचारतो. पण जुन्या अंकात शंभर लोकांची कामं असतात, त्यातले करार कधी अर्धवट असतात, कधी हरवलेले असतात. प्रत्येक वेळी अडवणूक कंपनीच करते असं नाही. कधी लेखकाचा हक्कच मध्ये उभा असतो, आणि तो असायलाच हवा.

पण त्या पाच सीड्यांची पुढची गत बघा. सोबतचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजसाठी होतं, ते केव्हाच कालबाह्य झालं. आतल्या फायली मात्र साध्या पीडीएफ. त्यामुळे १९९९ मध्ये ज्याने तो संच घेतला त्याला तो आजही उघडता येतो. खिडकी मोडली तरी घर शाबूत.

२००८ : मासिक बंद, सबस्क्रिप्शन सुरू

२००८ मध्ये डीअँडडीची चौथी आवृत्ती, फोर्थ एडिशन आली. तिच्याबरोबर आली 'डीअँडडी इन्सायडर' ही सबस्क्रिप्शन. ड्रॅगन आणि डंजन आता कागदावर नाहीत, ह्या सबस्क्रिप्शनमध्ये. सोबत कॅरेक्टर बिल्डर, आणि कंपेंडियम म्हणजे सगळ्या पुस्तकांमधले नियम शोधता येतील असा डेटाबेस.

आणि खरं सांगू का, वस्तू चांगली होती. पुण्यात बसून अमेरिकेतून जाडजूड हार्डकव्हर मागवायचं म्हटलं तर टपालखर्चच पुस्तकाच्या किमतीला भिडतो. डझनभर पुस्तकं तर कोण घेणार? दरमहा थोडे डॉलर भरून सगळ्या पुस्तकांचे नियम एका सर्च बॉक्समध्ये मिळणं, ही आपल्यासारख्या लांबच्या खेळाडूंसाठी मोठीच सोय. शिवाय ह्या आवृत्तीत दुरुस्त्या इतक्या निघाल्या, की छापील पुस्तक आणि कंपेंडियम ह्यांत फरक पडत गेला. ताजा नियम हवा तर कंपेंडियमच बघायचं.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघू. सुरुवातीचा कॅरेक्टर बिल्डर हा डाउनलोड करून आपल्या मशीनवर चालवायचा प्रोग्रॅम होता. बऱ्याच जणांनी मग काय केलं, तर एक महिना पैसे भरले, सगळे अपडेट उतरवले, आणि सबस्क्रिप्शन बंद केली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्याची जागा वेबवर चालणाऱ्या बिल्डरने घेतली. तो मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर बांधलेला. आता पैसे थांबले की बिल्डर थांबला.

सिल्व्हरलाइट म्हणजे ब्राउझरमध्ये बसवायचं प्लगइन. तेव्हा तो काही वेडा निर्णय नव्हता. पण पुढे ब्राउझरनी प्लगइनच बंद करायला घेतले. क्रोमने २०१५ मध्ये ह्या जातीचे प्लगइन काढून टाकले. डिजिटल ड्रॅगन आणि डंजन २०१३ च्या शेवटी थांबले होते. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. जुनी सेवा कशीबशी चालू ठेवली होती, ती सिल्व्हरलाइटच्या अस्ताचं कारण देऊन २०१९ च्या अखेरीस बंद केली. कंपेंडियमही गेलं.

गेलं म्हणजे काय गेलं, ते नीट सांगतो. छापील पुस्तकं लोकांकडे होती, ती राहिली. मासिकातले जे लेख पीडीएफ म्हणून उतरवून ठेवता येत होते, ते ज्यांनी उतरवले त्यांच्याकडे राहिले. गेला तो डेटाबेस: हजारो नोंदी, दुरुस्त्यांसकट, एकमेकांना जोडलेल्या, शोधता येणाऱ्या. त्याची प्रत कधी कोणाला दिलेलीच नव्हती. अकरा वर्षांच्या कामाचं सर्वांत नीटनेटकं रूप तेच, आणि अधिकृतपणे उरलं नाही तेही तेच. दुसरीकडे तो जुना डाउनलोड करायचा बिल्डर? तो चाहत्यांनी आपापल्या मशीनवर चालू ठेवला. त्यात नवी माहिती भरायची साधनं त्यांनीच लिहिली. कंपनीने २०१० मध्ये सोडून दिलेला प्रोग्रॅम कंपनीच्या चालत्या सेवेपेक्षा जास्त जगला.

एप्रिल २००९

आता जरा मागे जाऊ, कारण सबस्क्रिप्शनला नावं ठेवून पीडीएफला देव्हाऱ्यात बसवायचं, इतकं हे सोपं नाही.

२००० नंतर जुन्या डीअँडडी पुस्तकांचे स्कॅन पीडीएफ म्हणून रीतसर विकले जात होते. ऐंशीच्या दशकातलं साहस थोड्या डॉलरांत मिळायचं. ६ एप्रिल २००९ ला विझार्ड्सने सगळ्या दुकानांना कळवलं: आमच्या पीडीएफची विक्री थांबवा. नवी-जुनी सगळी. कारण दिलं पायरसीचं. त्याच सुमारास 'प्लेयर्स हँडबुक २' हे ताजं पुस्तक इंटरनेटवर टाकल्याबद्दल कंपनीने आठ जणांवर दावे लावले. गिऱ्हाइकांना मुदत मिळाली ती अगदी थोडी. आधी विकत घेतलेलं पुस्तक पुन्हा उतरवायची सोयही गेली.

विचार करा. पायरसी झाली नव्या पुस्तकाची, आणि शिक्षा झाली १९८१ च्या पुस्तकालाही. रीतसर घ्यायचा रस्ता बंद झाला, बेकायदा रस्ता होता तसाच राहिला.

पण ज्यांनी फाइल आधीच उतरवून ठेवली होती त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांनी दुकानाच्या 'माय लायब्ररी'वर भरवसा ठेवला त्यांची अडचण झाली. म्हणजे फरक "विकत" की "भाड्याने" एवढाच नाही. प्रत तुमच्या हातात आहे, की दुसऱ्याच्या सर्व्हरवर तुमच्या नावाने ठेवलीय? प्रश्न तो आहे.

चार वर्षं हा दुष्काळ चालला. जानेवारी २०१३ मध्ये 'डीअँडडी क्लासिक्स' नावाने जुन्या पीडीएफ पुन्हा विक्रीला आल्या. २०१६ पासून त्या 'डंजन मास्टर्स गिल्ड'वर मिळू लागल्या, आणि आता तर बऱ्याच जुन्या पुस्तकांची मागणीनुसार एकेक छापील प्रतही मिळते. हे श्रेय कंपनीला द्यायलाच हवं. २०२० मध्ये ह्या जुन्या पुस्तकांच्या पानावर एक सूचना लावली गेली: ह्यातले वंश, संस्कृती, लिंग ह्यांबद्दलचे काही पूर्वग्रह तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहेत, अशा अर्थाची. मजकूर तसाच ठेवला, वर पाटी लावली. इंद्राच्या हिट पॉइंटवाल्या पुस्तकाकडे बघताना मला हा मार्ग योग्य वाटतो. खोडू नका, सांगा.

पुस्तक नाही, मग नियम पुन्हा लिहू

कंपनी जुनं छापत नव्हती त्या काळात चाहत्यांनी आणखी एक रस्ता काढला. अमेरिकी कायद्यात खेळाच्या नियमामागच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर असतो. आणि २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर विझार्ड्सनेच 'ओपन गेम लायसन्स' आणलं होतं. त्याखाली नियमांचा मोठा भाग कोणालाही वापरता येत होता. ह्या दोन्हींचा आधार घेऊन २००६ मध्ये 'ऑस्रिक' आलं. ॲडव्हान्स्ड डीअँडडीच्या पहिल्या आवृत्तीचे नियम, नव्या शब्दांत. २००७ मध्ये 'लॅबरिंथ लॉर्ड' आलं, ते ऐंशीच्या दशकातल्या सोप्या डीअँडडीवर. अशा पुस्तकांना 'रेट्रो-क्लोन' म्हणतात.

प्रोग्रॅमर मंडळींना हे लगेच कळेल. सोर्स मिळत नाही, मग वागणूक बघून तसाच प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. ह्या क्लोनांनी खेळ वाचवला, पण पुस्तक नाही वाचवलं. नियम उरले. गायगॅक्सची ती आडवळणी, थोडी शिष्ट इंग्रजी शैली, जुनी चित्रं, ते इंद्राचं प्रकरण, हे क्लोनमध्ये येत नाही, येऊ शकत नाही. त्यासाठी मूळ पानच लागतं. आणि मूळ पान सगळ्यांसाठी मोकळं कधी होणार? १९७४ च्या त्या तीन पुस्तिकांवरचा अमेरिकी कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०६९ च्या अखेरपर्यंत आहे. आपण म्हातारे झालेलो असू.

आजचा सबस्क्रायबर

२०१७ मध्ये 'डीअँडडी बियॉन्ड' सुरू झालं. आधी ते दुसऱ्या कंपन्यांकडे होतं, २०२२ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे १४.६ कोटी डॉलर मोजून घेतलं. इथे पुस्तक एकदाच पैसे देऊन "विकत" घेता येतं आणि वरच्या सोयींसाठी सबस्क्रिप्शन. आज कितीतरी ग्रुप ह्यावरच खेळतात.

आता तीन प्रसंग पाठोपाठ बघा.

२०२२ च्या मे महिन्यात पाचव्या आवृत्तीचीच दोन पुस्तकं, 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' आणि 'मॉर्डनकेननचं टोम ऑफ फोज', ह्या साइटवर विकणं बंद झालं, कारण त्यांतला मजकूर सुधारून नवं पुस्तक आलं होतं. ज्यांनी आधी घेतली त्यांना ती दिसत राहिली. बाकीच्यांसाठी बंद. म्हणजे डिजिटल पुस्तकही आउट ऑफ प्रिंट होतं! साठा संपायचा प्रश्न नाही, कागद नाही, गोदाम नाही. फक्त एक बटण.

२०२३ च्या जानेवारीत त्याच ओपन गेम लायसन्सच्या नव्या, कडक मसुद्याची बातमी फुटली. वीस-बावीस वर्षं ज्याच्या भरवशावर लोकांनी पुस्तकं काढली ते जुनं लायसन्सच रद्द करायचा त्यात विचार होता. लोक भडकले, आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली: डीअँडडी बियॉन्डची सबस्क्रिप्शन रद्द केली. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. जुनं लायसन्स तसंच ठेवलं, आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकले. ते आता परत घेता येत नाही.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्याच मुद्द्याची दुसरी बाजू आहे. पुस्तक एकदा विकलं की गिऱ्हाईक रागावलं तरी कंपनीचं फार बिघडत नाही. सबस्क्रायबर दर महिन्याला "हो" म्हणत असतो, त्यामुळे त्याला "नाही"ही म्हणता येतं, आणि त्या नाहीचा आवाज हिशेबाच्या वहीत त्याच महिन्यात उमटतो. सबस्क्रिप्शनमध्ये वाचकाच्या हातात काहीच नसतं असं नाही.

तिसरा प्रसंग २०२४ च्या ऑगस्टचा. सुधारित नियमपुस्तकं येणार होती, आणि साइटने जाहीर केलं की कॅरेक्टर शीटवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू आता नव्या रूपात दिसतील. जुनं हवं असेल तर ते स्वतः टाइप करून घ्या. मोठी ओरड झाली, आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला. पण १९८० शी तुलना करा. तेव्हा प्रकरणं काढली तेव्हा कोणाच्या कपाटातली पानं कोरी झाली नव्हती. २०२४ मध्ये चालू खेळातला मंत्र मधेच बदलला असता.

दुसऱ्यांनी काय केलं

हे सगळं टाळता येतच नाही असं कोणी म्हणालं तर दोन उदाहरणं देतो.

स्टीव्ह जॅक्सन गेम्स ह्या कंपनीचं 'पिरॅमिड' मासिक १९९३ मध्ये छापील म्हणून सुरू झालं. १९९८ मध्ये ते पूर्ण ऑनलाइन गेलं, दर आठवड्याला, पैसे भरून वाचायचं. म्हणजे डीअँडडी इन्सायडरच्या दहा वर्षं आधी! मग २००८ पासून २०१८ पर्यंत ते मासिक पीडीएफ म्हणून निघालं. मासिक बंद झालं तेव्हा वर्गणीदाराच्या हार्डडिस्कवर त्याचे अंक होते, आणि ते पीडीएफ अंक सुटे विकतही मिळत राहिले.

दुसरं 'ट्रॅव्हलर'. १९७७ चा अंतराळातला रोलप्लेइंग गेम. त्याची प्रकाशक कंपनी, गेम डिझायनर्स वर्कशॉप, १९९६ मध्ये बंद पडली. मूळ डिझायनर मार्क मिलर ह्यांनी आपल्या फार फ्यूचर एंटरप्रायझेसमार्फत जुना सगळा ट्रॅव्हलर स्कॅन करून सीडीवर विकायला काढला. आवृत्तीमागून आवृत्ती, अख्ख्या. कंपनी गेली, पण पुस्तकं मिळत राहिली.

दोन्हीकडे तंत्रज्ञान काही वेगळं नव्हतं. तेच स्कॅन, तेच पीडीएफ. वेगळी होती ती देण्याची पद्धत.

मग मागायचं काय?

माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं. जुनं साहित्य सबस्क्रिप्शनवर आलं तर मला आनंदच आहे. लांबच्या वाचकाला, कमी पैसेवाल्याला, एकच नियम शोधणाऱ्याला त्याच्यासारखी सोय नाही. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, स्कॅन करायला माणसं लागतात, लेखकांना वाटा मिळायला हवा. फुकट द्या असं मी म्हणत नाही.

पण सबस्क्रिप्शनला कोणी 'जतन' म्हणू नये. ती सोय आहे. जतन तेव्हा होतं जेव्हा प्रती अनेकांच्या हातात असतात आणि मालकाचा विचार बदलला तरी त्या तशाच राहतात. म्हणून पैसे भरण्याआधी मी आता तीन प्रश्न विचारतो. मजकूर साध्या फाइलमध्ये उतरवता येतो का? दुरुस्ती झाली तर आधीची आवृत्ती बघता येते का? आणि सेवा बंद करायची वेळ आली तर आधी प्रत द्यायचं लेखी आश्वासन आहे का? तिन्ही गोष्टी तांत्रिकदृष्ट्या अवघड नाहीत. एक्सपोर्टचं बटण लिहायला कोणत्याही टीमला फार दिवस लागत नाहीत. ते लिहायचं की नाही हा निर्णय कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर होत नाही, आणि म्हणूनच तो विचारणाऱ्यांनी विचारत राहायला हवा. २०२३ मध्ये विचारलं, तर उत्तर मिळालं.

आमचा ग्रुप सध्या फोर्थ एडिशन खेळतोय. पुस्तकं सेकंडहँड आणि पीडीएफ, दुरुस्त्यांची फाइल वेगळी, आणि एकाच्या लॅपटॉपवर तो जुना बिल्डर. कंपेंडियममध्ये दोन सेकंदांत सापडला असता तो नियम शोधायला आम्हाला पाच मिनिटं लागतात. पण सापडतो.

तुमच्याकडे अशी काही जुनी गेमची पुस्तकं, सीड्या, मासिकं असतील तर टाकून देऊ नका. कोणती आहेत ते जरूर कळवा, पुढे कधीतरी त्यावरही बोलू. तोवर फासे नीट पडू देत. भेटू पुढच्या भागात!